कॅपाडोकिया : बलून उतरल्यानंतरचा दिवस

कॅपाडोकियाला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये पहिला फोटो बलूनचा असतो. पहाटे अंधारात उठायचं, गाडीतून माळावर जायचं आणि सूर्य वर येताना गोरेमेच्या सुळक्यांवरून तरंगत जायचं. ते दृश्य खरोखर देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बलून तासाभरात खाली उतरतो. त्यानंतर साडेनऊच्या सुमाराला हॉटेलांच्या दारात छोट्या बस येऊन लागतात आणि दिवसभराची सहल सुरू होते. मध्य अनातोलियाचा हा मुलूख कळायला लागतो तो या दिवसात.

सहली मुख्यतः दोन. उत्तरेकडची ‘रेड टूर’ गोरेमेचं खुलं संग्रहालय, अवानोसचे कुंभार आणि टोप्या घातलेले दगडी सुळके दाखवते. दक्षिणेकडची ‘ग्रीन टूर’ देरिनकुयुचं भूमिगत गाव, इहलाराची दरी, सेलिमेचा कडा आणि उचहिसारची कबुतरांची दरी असा मोठा वळसा घेते. जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर होतात. एकच दिवस हाताशी असेल तर बहुतेकांना पहिली सहल सुचवली जाते. मी दुसरी सुचवेन. पहिलीत कॅपाडोकियाचं रूप दिसतं, दुसरीत तिथल्या माणसांनी या दगडाच्या आधारानं काय काय केलं ते दिसतं.

बस नेवशेहिर ओलांडते आणि सुळके मागे पडतात. दोन्ही बाजूंना बटाट्याची आणि भोपळ्याची शेतं लागतात. सुगीच्या दिवसांत शेतात फोडलेले भोपळे तसेच पडलेले दिसतात, कारण इथला शेतकरी भोपळा लावतो तो बियांसाठी. गर जमिनीतच जिरतो. पूर्वेला ३,९१७ मीटर उंचीचा एर्जियेस आणि नैऋत्येला हसन दाग. या आणि गोल्लू दागसारख्या ज्वालामुखींनी लाखो वर्षांच्या काळात जी राख ओकली, तिचे थर दबून इथला दगड झाला. त्याला टफ म्हणतात. तो कोरताना मऊ असतो आणि हवा लागली की वरून घट्ट होत जातो.

महाराष्ट्रातून गेलेल्या माणसानं ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच, पण लाव्हारसाचा. काळा, कठीण बेसॉल्ट. त्यात अजिंठा-वेरूळ कोरायचं तर राजांचा, धनिकांचा, श्रेणींचा आश्रय लागला, कसबी पाथरवट लागले. इथे साध्या कुटुंबाला कुदळ घेऊन घरामागे आणखी एक खोली पाडता येते. म्हणून आपल्याकडे डोंगर कोरून देवाचं आणि भिक्षूंचं घर झालं, तर इथे त्याबरोबर गोठा झाला, कोठार झालं, द्राक्षं तुडवायची कुंडी झाली. ओर्ताहिसारच्या आसपास अशा कोरीव तळघरांत आजही भूमध्य समुद्रकाठची लिंबं महिनोन्‌महिने साठवतात. ना वीज, ना यंत्र. दगडाचा आपला गारवा.

देरिनकुयुचं पहिलं दर्शन निराश करू शकतं. नेवशेहिरच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर सपाट माळावरचं एक साधं तालुक्याचं गाव, चौकात चहाची दुकानं, बाहुल्या विकणाऱ्या बायका. तिकिटाच्या खिडकीशेजारच्या छोट्या दारातून आत गेलं की पायऱ्या सुरू होतात आणि खाली सुमारे ८५ मीटरपर्यंत जाणारं गाव पसरलेलं आहे. पर्यटकांना त्यातला काही भागच खुला असतो. १९६३ साली इथल्या एका रहिवाशानं घराची दुरुस्ती करताना भिंत पाडली आणि भिंतीमागे आणखी एक खोली निघाली, त्या खोलीतून वाट निघाली, आणि या जागेचा बोलबाला झाला. युनेस्कोनं १९८५ साली गोरेमेबरोबर देरिनकुयु आणि शेजारचं कायमाकली यांनाही जागतिक वारसा यादीत घेतलं.

आत वरच्या मजल्यांवर गोठे आहेत. जनावरांना खोल नेणं अवघड, म्हणून ती वर. दगडातच कोरलेली दावण, दोर ओवायला पाडलेली भोकं. त्याच मजल्यांवर द्राक्षं तुडवायची जागा आणि खालच्या कुंडीत रस उतरवणारी पन्हळ. पुढे लांबट कमानदार छताचं एक दालन लागतं. ती धर्मशिक्षणाची शाळा होती असं सांगतात. त्याच्या खाली वाट एकदम अरुंद होते. एका वेळी एकच माणूस, तोही कंबरेत वाकून. आमच्या गटात पुण्या-नाशिककडची मंडळी होती; पुढच्यानं मागच्याला सांगायचं अशी साखळी आपोआप तयार झाली. ‘काका, डोकं सांभाळा.’ ‘मागे काकूंना सांगा, पायरी उंच आहे.’ ‘ताई, थांबा जरा, समोरून माणसं येताहेत.’ शत्रू आत शिरला तरी त्याला एकेकटंच आणि मान खाली घालून यावं लागेल, हीच या बोगद्याची रचना. ती कानांनी ऐकण्यापेक्षा पाठीला लवकर समजते.

वाटेच्या नाक्यांवर दगडी दारं आहेत. ती मी बराच वेळ निरखत राहिलो. जात्याच्या तळीसारखी गोल, माणसाच्या छातीपर्यंत पोचणारी, काही शे किलो वजनाची चाकं. एरवी ती भिंतीतल्या खाचेत उभी असतात. वेळ आली की आतल्या माणसांनी पहार लावून ती वाटेवर ढकलायची. बाहेरून धरायला पकड नाही, ढकलायला जागा नाही. मधोमध आरपार भोक. त्यातून बाहेर पाहता येतं आणि भालाही चालवता येतो. एका दाराच्या खाचेत हात घातला तर कड घासून गुळगुळीत झालेली लागली. ते दार नुसतं बनवून ठेवलेलं नव्हतं.

हवेसाठी उभे बोगदे खणलेले आहेत. त्यातला एक ५५ मीटर खोल जातो आणि त्याच्या तोंडाशी उभं राहिलं की गार झुळूक चेहऱ्यावर येते. काही विहिरींची तोंडं जमिनीवर उघडत नसत, म्हणजे वरून कुणी पाण्यात विष कालवू नये. आत बारा महिने १३ अंशांच्या आसपास तापमान. सर्वांत आधी इथे कुणी खणलं याबद्दल मतं आहेत, पुष्कळ जण इसवी सनापूर्वीच्या फ्रिजियन लोकांपर्यंत मागे जातात. मात्र त्याचा विस्तार बायझंटाइन काळात झाला. सातव्या शतकापासून पुढे अरब सैन्यांच्या स्वाऱ्या अनातोलियावर सतत येत राहिल्या आणि माळरानावरच्या ख्रिश्चन शेतकऱ्यांना पळून जायला डोंगर नव्हता. त्यांनी जमिनीत वाट काढली. वीस हजार माणसं आत मावत असं सांगतात. हा अंदाज आहे. पण आकड्यापेक्षा मला मोलाचं वाटतं ते हे की गोठ्यापासून चर्चपर्यंत सगळं इथे आहे. भीतीच्या काळातही या माणसांनी गुरं मागे सोडली नाहीत, प्रार्थना सोडली नाही.

आणि ही गोष्ट मध्ययुगात संपलेली नाही. रिचर्ड डॉकिन्स हे ब्रिटिश भाषाभ्यासक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या ग्रीक बोलींचा अभ्यास करत गावोगाव फिरत होते. त्यांनी नोंदवलंय की १९०९ साली अदानामधल्या कत्तलीच्या बातम्या आल्या तेव्हा याच भागातल्या आक्सो गावचे बरेचसे लोक भूमिगत खोल्यांत उतरले आणि काही रात्री वर झोपायला धजले नाहीत. शंभरसव्वाशे वर्षांपूर्वीची ही हकिकत. गाइड सहसा अरबांपाशी थांबतो. गाइडला विचारावं, त्याच्या गळ्यात सरकारी परवान्याचं ओळखपत्र असतं, ते परीक्षा देऊन मिळवलेलं असतं, आणि विचारणारा भेटला की तो मनापासून सांगतो असा माझा अनुभव आहे.

देरिनकुयुहून पश्चिमेला बस इहलाराकडे निघते. हसन दाग आता थेट समोर येतो. सव्वातीन हजार मीटरचा हा पर्वत उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत माथ्यावर बर्फ राखून असतो. या टापूत, मेलेंदिझ नदीच्या काठी, अशिकली ह्योयुक नावाचं एक टेकाड आहे. तिथे इसवी सनापूर्वी ८००० वर्षांच्याही आधीपासून माणसं वसती करून राहत होती. मातीच्या विटांची खेटून बांधलेली घरं, आत उतरायचं ते छतावरून शिडीनं. मेंढ्या माणसाळवण्याच्या अगदी सुरुवातीच्या खुणा इथल्या उत्खननात मिळाल्या. गटाच्या सहली तिथे थांबत नाहीत, वेळापत्रकात ते बसत नाही. पण त्या नदीकाठची वसती दहा हजार वर्षांची आहे एवढं मनात ठेवून पुढे गेलं तर दरी वेगळी दिसते.

माळ चालता चालता एकदम तुटतो आणि खाली इहलारा दिसते. हसन दागच्या उद्रेकांनी पसरलेले थर मेलेंदिझ नदीनं कापत नेले आणि सुमारे १४ किलोमीटर लांबीची, शंभर मीटरहून खोल घळ तयार झाली. वर रखरखीत पिवळा माळ, खाली पिंपळासारख्या सळसळत्या पानांचे पॉपलर, विलो आणि नदीचा आवाज. उतरायला जवळजवळ चारशे लाकडी पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये, कारण ग्रीन टूरमध्ये बहुधा याच पायऱ्या परत चढायच्या नसतात. तीन-चार किलोमीटर सपाटीनं नदीकाठून चालत बेलिसिर्मा गावाला बाहेर पडता येतं.

पायऱ्या संपतात तिथेच आगाचआल्ती चर्च आहे. बहुतेक गट एवढं एकच आतून पाहतात. छोटा घुमट, त्यावर स्वर्गारोहण करणारा ख्रिस्त, भिंतीवर सिंहांमधला दानियल. लाल, पिवळा आणि हिरवट निळा रंग. चित्रं भरघोस आणि थोडी राकट आहेत. कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारी शैलीपेक्षा ती पूर्वेकडच्या देशांना जवळची वाटतात. हात पोचेल तिथपर्यंतचे चेहरे खरवडलेले आहेत. पलीकडच्या काठाला यिलानली चर्च, म्हणजे सर्पांचं. त्यात चार पापी स्त्रियांना साप डसताना दाखवलंय. मुलांना दूध न पाजणारीला छातीवर, खोटं बोलणारीला तोंडावर. वाचता न येणाऱ्या गावकऱ्यासाठी काढलेली ही चित्रं होती आणि ती आजही कुणी न समजावता समजतात.

नदीकाठच्या चालण्यात गट आपोआप पांगतो. ही सहलीतली सगळ्यात चांगली वेळ. कुणी पाण्यात हात घालतं, कुणी मागे राहून पक्षी पाहतं, झेंडा हातात घेतलेला टूर मॅनेजर थोडा वेळ काळजी सोडतो. बेलिसिर्माला जेवण. पाण्यावर टाकलेल्या लाकडी मचाणांवर गाद्या-लोड, खालून बदकं जात असतात. आधी मसूरडाळीचं सूप, मग मातीच्या भांड्यात भट्टीत भाजलेला ट्राउट मासा किंवा भाज्या, बरोबर ऐरान, म्हणजे मीठ घातलेलं ताक, आणि शेवटी कमरेत निमुळत्या ग्लासातला काळा चहा. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही. पांढऱ्या घेवड्याची उसळ भाताबरोबर जवळपास सगळीकडे मिळते.

जेवण झाल्यावर गटाला बसमध्ये चढायची घाई असते, आणि नेमकं इथेच थांबायला हवं. बेलिसिर्माजवळच्या कड्यात, थोडी चढण चढून, सेंट जॉर्जचं चर्च आहे. गावकरी त्याला किर्कदामआल्ती म्हणतात. तेराव्या शतकाच्या अखेरीचं. तोवर अनातोलियाच्या या भागावर सेल्जुक तुर्कांची सत्ता येऊन दोनशे वर्षं होत आली होती. इथल्या भिंतीवर सेंट जॉर्जच्या दोन्ही बाजूंना चर्च रंगवून घेणारं जोडपं उभं आहे. तामार या स्त्रीच्या हातात चर्चची छोटी प्रतिकृती आहे, ती ती संताला अर्पण करते आहे. तिचा नवरा बासिल ख्रिश्चन असून सेल्जुक दरबारातला अमीर. डोक्यावर फेटा, अंगात तुर्की झगा. सोबतच्या ग्रीक लेखात सुलतान मसूद आणि बायझंटाइन सम्राट अँड्रॉनिकस या दोघांचीही नावं आदरानं घेतली आहेत. मुसलमान सुलतानाच्या नोकरीत असलेला ख्रिश्चन माणूस आपलं चर्च रंगवतो, त्यात फेटा बांधून उभा राहतो आणि दोन राजांची नावं एकाच भिंतीवर लिहवून घेतो. चित्रं झिजली आहेत, चेहरे गेले आहेत. तरी या सबंध दरीतली सगळ्यात महत्त्वाची भिंत मला हीच वाटते. देरिनकुयुच्या गोल दारांनी जे सांगितलं त्याच्या जोडीला ही दुसरी बाजू पाहिल्याशिवाय अनातोलियाचा हिशेब पुरा होत नाही. इथली माणसं जिवाच्या भीतीनं जमिनीत उतरली, हे खरं. शतकानुशतकं एकमेकांच्या शेजारी नांदली, हेही तितकंच खरं.

ते नांदणं संपलं त्याची तारीख ठाऊक आहे. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन तुर्कस्तानातून ग्रीसकडे आणि सुमारे ४ लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात, असा तो हिशेब. निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हता. कॅपाडोकियातले कितीतरी ऑर्थोडॉक्स घरी तुर्कीच बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ज्या देशात ‘परत’ पाठवलं तिथली भाषा त्यांना येत नव्हती. १९२४ साली इथल्या कुटुंबांनी मर्सिन बंदर गाठलं. देरिनकुयुच्या बोगद्यांत ज्यांचे पूर्वज लपत आले होते, ते या वेळी लपले नाहीत, गाड्या भरून निघून गेले. फाळणी घरात ऐकलेल्या भारतीय माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सेलिमेबद्दल थोडक्यात सांगतो. दरीच्या उत्तर टोकाला कड्यात कोरलेला हा प्रचंड पसारा आहे. खांबांच्या दोन रांगा असलेलं चर्च, दोन मजली दालनं, उंच निमुळतं धुराडं असलेलं स्वयंपाकघर, घोड्यांचे तबेले. पाटीवर आणि सहलपत्रकात त्याला मठ म्हणतात. अलीकडच्या काही अभ्यासकांच्या मते मात्र दहाव्या-अकराव्या शतकातल्या कुणा बड्या सरदाराचा हा वाडा असावा, आणि ते तबेले आणि ते स्वयंपाकघर पाहिल्यावर मला ते पटतं. ‘स्टार वॉर्स’चं चित्रीकरण इथे झालं असं गटात कुणीतरी सांगतंच, तसं झालेलं नाही, ते वाळवंट ट्युनिशियाचं. वर चढायला पाय घसरणारी ढासळ वाट आहे, बुटांचे तळवे चांगले हवेत.

परतीला सूर्य कलता असताना उचहिसारची कबुतरांची दरी. वरच्या कट्ट्यावर निळ्या नजरमण्यांनी लगडलेलं झाड आहे, तिथे सगळे फोटो काढतात. त्याच्या खाली कड्यात शेकडो छोटी चौकोनी भोकं आहेत, त्यांकडे पाहायचं. ही माणसांनी कबुतरांसाठी कोरलेली घरं. आत बसायला आडव्या काठ्या, बाहेर पक्ष्यांना दिसावी म्हणून पांढरी आणि गेरूच्या रंगाची नक्षी. वर्षातून एकदा बंद दार फोडून आत साचलेली विष्ठा काढायची आणि द्राक्षमळ्यांना घालायची, असा हा उद्योग. मालकीचे कबुतरखाने हे शेतकऱ्याचं वैभव मानलं जाई. ओस पडलेल्या चर्चचाही असा वापर झाला. गोरेमेचं प्रसिद्ध ‘अंधारं चर्च’ १९५०च्या दशकापर्यंत कबुतरखाना होतं, आणि उजेड फारसा न पोचल्यामुळे त्यातली चित्रं आज सर्वांत टवटवीत आहेत.

आमच्या गटात निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार होते. दिवसभर ते फार बोलले नव्हते. इथे कट्ट्यामागच्या मळ्यात ते उकिडवे बसले आणि जमिनीलगत पसरलेला वेल हातानं उचलून पाहू लागले. ना मांडव, ना तार, ना ठिबक. ‘पाणी किती दिवसांनी देतात?’ त्यांनी गाइडला विचारलं. देतच नाहीत, असं उत्तर आलं. हिवाळ्यातलं बर्फ आणि पाऊस ही सच्छिद्र राखेची जमीन पोटात धरून ठेवते, वेल मुळं खोल नेतो. मग खताचं निघालं, कबुतरांचं निघालं, रस आटवून करतात त्या पेकमेझचं निघालं, त्यातला आंबटपणा मारायला पांढरी माती घालतात तेही निघालं. बसचा हॉर्न वाजला तरी दोघं बोलत होते. इतका वेळ ‘जागा’ म्हणून पाहिलेला मुलूख त्या पंधरा मिनिटांत कुणाचं तरी शेत झाला.

शेवटचा थांबा बहुतेक सहलींत ओनिक्सच्या किंवा दागिन्यांच्या दुकानाचा असतो. गट आपला असेल तर आधीच बोलून तो अर्धा तास वाचवावा आणि बेलिसिर्माच्या चढणीसाठी ठेवावा. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. थंडीत इहलाराच्या पायऱ्यांवर बर्फ असतो. बंद जागेची भीती, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी देरिनकुयुत फार खाली उतरू नये, वरच्या दोन मजल्यांवरही गोठे, कुंड्या आणि शाळा नीट पाहून होते.

आणि एक दिवस जास्तीचा काढता आला तर गोरेमेऐवजी गुझेलयुर्तला मुक्काम करावा. या गावाचं जुनं नाव गेलवेरी. इथल्या ख्रिश्चनांनी १९२४ साली जाताना संत ग्रेगरीचे अवशेष बरोबर नेले आणि ग्रीसमध्ये कावाला शहराजवळ नेआ कार्वाली हे नवं गाव वसवलं. संताच्या नावाचं इथलं चर्च आज मशीद आहे आणि ती पाहता येते. गावातल्या काही जुन्या दगडी घरांत राहायची सोय आहे. तिथून इहलाराच्या पायऱ्या गाडीनं पंधरा-वीस मिनिटांवर आहेत, म्हणजे सकाळी गटांच्या बस पोचायच्या आत दरीत उतरून किर्कदामआल्तीपर्यंत निवांत जाऊन येता येतं.